एकोणीस मालक

कस्टम्सच्या चार नंबरच्या खिडकीवर ती पहिल्यांदा गेली तीच भांडायला. लॅबमध्ये तिला सगळे मिरची म्हणायचे, ते काही उगीच नव्हे.

"आमची पेटी तेरा दिवस तुमच्याकडे पडून आहे. का?"

खिडकीमागच्या तरुणाने मान वर केली. बोटांना शिक्क्याची शाई, विस्कटलेले केस, आणि डोळे... डोळे बरे होते, हे तिला कबूल करावं लागलं. पण राग आधी.

"कुठली पेटी?"

"एकोणीस जणांच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे आहेत तिच्यात, मेणात बसवलेले. कुणाला कुठलं औषध लागू पडेल, ते समुद्रापलीकडची लॅब तपासून सांगणार. आपल्याकडे ते मशीन नाही, म्हणून तर दोन देशांनी करार केला. मंत्र्यांनी हात मिळवले, त्याचा फोटो आमच्या दारात टांगलाय. हात पोचले पलीकडे. पेटी मात्र तुमची खिडकी ओलांडेना."

त्याने फॉर्म शोधून काढला. "मालाच्या मालकाची सही नाही यावर. मोठ्या डॉक्टरांची आहे, पण ते मालक नाहीत. मालकाने अधिकाऱ्यासमोर सही करायची, असा नियम आहे."

"गाठीचा मालक कोण? जिच्या अंगातून काढली ती?"

"बहुतेक... हो." तो ओशाळला. "हा फॉर्म गालिचे पाठवणाऱ्यांसाठी केलेला आहे. साहेबांना मी तीनदा लिहून दिलं. ते म्हणतात, वरून उत्तर येऊ दे."

"मेणाला घाई नसते हो. अंगात जी गाठ उरलीय तिला असते."

तिने दिलेला तक्रारअर्ज पेशंटच्या यादीशेजारी ठेवून तो वाकला. मग हळूच म्हणाला, "सात नंबरचा पत्ता... आणि तुमच्या अर्जावरचा पत्ता एकच आहे."

ती खिडकीच्या कठड्याला टेकली. "ताई आहे माझी. रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करत नाहीत."

त्याने स्वतःचा पाण्याचा ग्लास खिडकीतून पुढे सरकवला. ती प्यायली, आणि आपण प्यायलो याचाही तिला राग आला.

"मालकच हवेत ना? आणते."

शुक्रवारी तिने खरंच आणले. सतरा जण. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या हाताला सुईची पट्टी, दोघी तर व्हीलचेअरवर. एवढी आजारी माणसं एका सहीसाठी रांगेत उभी केली होती, आणि साहेब केबिनचं दार आतून लावून बसले होते. एक म्हातारी त्या दारापुढे उभी राहून म्हणाली, "तुकडा माझा, जीव माझा. अडवणारे तुम्ही कोण, ते बाहेर येऊन सांगा तरी." दार उघडलं नाही.

तो मात्र सगळा वेळ उभाच होता. त्याच्या खुर्चीवर आळीपाळीने मालक बसत होते.

"दोन राहिले," शेवटी ती म्हणाली. "एक काका वॉर्डात आहेत. आणि ताईला जिना उतरवत नाही." आता हा नियम सांगणार, म्हणून तिने पदर खोचलाच होता.

"नियमात अधिकाऱ्यासमोर एवढंच आहे," तो म्हणाला. "अधिकारी कुठे असावा, ते कुठेच लिहिलेलं नाही." त्याने शिक्का खिशात टाकला आणि खिडकी बंद केली.

वॉर्डात काकांची सही घेऊन दोघं तिच्या घरी आले. ताई उशीला टेकून बसली होती. तिने सही केली आणि त्याला नीट न्याहाळलं.

"इतके दिवस या घरात ज्याचा उद्धार चाललाय, तो हाच का? दिसायला बरा आहे की."

"ताई, गप्प बस."

तो मान खाली घालून शिक्का मारत राहिला. कान लाल झाले होते.

शनिवारी पेटी गेली. तीन आठवड्यांत रिपोर्ट आला, औषध ठरलं, ताईचा पहिला डोस झाला. ते सांगायला... म्हणजे, फक्त सांगायलाच... ती चार नंबरवर गेली, तर तिथे दुसराच माणूस. ती तणतणत परत आली. लॅबच्या दारात तो उभा होता.

"बदली झाली माझी. खिडकी सोडून गेलो म्हणून. सीमेवरची चौकी, चार तासांचा रस्ता."

"आणि तो फॉर्म?"

"तोच आहे. पुढच्या पेटीलाही मालक लागतील."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस बदलायला यांना तीन आठवडे पुरतात, फॉर्मवरचा एक रकाना काही बदलवत नाही! "आणि तुम्ही गप्प बसणार?"

"नाही. दोन्ही देशांच्या करार समितीला पत्र लिहिलंय." त्याने कागद पुढे केला. "पण फार मऊ झालंय. तुमच्यासारखं चिडायला... मला जमत नाही."

दोघं बाकावर बसले. तिने 'नम्र विनंती' खोडून 'मागणी' लिहिलं. खांद्याला खांदा लागला, तो कुणीच बाजूला घेतला नाही.

"उत्तर येईपर्यंत दर रविवारी इकडे यायचं," ती कागदाकडे बघत म्हणाली.

"आणि उत्तर आलं की?"

"तरी यायचं... माझ्यासाठी."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही पाणी प्यायलात ना, तो ग्लास मी चौकीवर घेऊन चाललोय."

तिने पत्राखाली सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"आता तुम्ही करा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."