ताडकळसच्या गोदामातलं रेकॉर्डिंग

मला गोष्ट रचायचीच असती, तर मी रात्रीची रचली असती.

ही भर दुपारची आहे. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. जागा ताडकळस, आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कापसाचं गोदाम. बाहेर डोळे उघडवत नव्हते, एवढं ऊन.

मी स्वप्ना. परभणीची. पुण्याला साउंड रेकॉर्डिंग शिकून आले. ज्याच्यासोबत हे घडलं, तो माझा सख्खा मोठा भाऊ शिवकांत. हे लिहिताना तो मागच्या खोलीत बसलेला आहे.

जिवंत आहे. त्याच्याबद्दल खात्रीनं एवढंच सांगता येतं.

दादा मेटल वाजवायचा, म्हणजे रॉकमधलं सगळ्यात दणदणीत संगीत. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, अंगात काळा टीशर्ट आणि खांद्यावर सात तारांची गिटार. दिवसभर अप्पांसोबत दुकानात बसायचा, तिथंही पायानं ताल धरलेला. गल्लीतले लोक हसायचे. त्याला फरक पडत नव्हता. त्याला एकच अल्बम करायचा होता. मराठीत, स्वतःची गाणी, स्वतःचा आवाज.

ड्रमवर होता पेडगावचा हरिओम. कॉलेजपासूनचा दोस्त. रेकॉर्डिंग माझ्याकडं. एवढाच आमचा बँड.

आता मेटलची गिटार हळू आवाजात जमत नाही. सगळं कॉम्प्युटरवर करता येतं, पण दादाला ते नको होतं. त्याला गिटारचा आवाज मोठा करणारा खरा, जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबवाला अ‍ॅम्प हवा होता. पूर्ण आवाजात. स्पीकरचा कागद थरथरला पाहिजे, छातीत धक्का बसला पाहिजे. परभणीत घरी असं वाजवलं असतं, तर गल्ली दारात उभी राहिली असती.

मे महिन्यात कापूस विकून गोदाम मोकळं असतं. रात्री शेजारची डाळमिल चालायची, तिची घरघर माईकमध्ये यायची. म्हणून आम्ही दुपारी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं.

अ‍ॅम्प गोदामाच्या मधोमध ठेवला. त्याच्या स्पीकरला जवळजवळ चिकटून एक माईक. आणि दुसरा माईक लांब, पार मागच्या भिंतीशी. मोकळ्या जागेचा घुमारा पकडायला तो लागतो. मी एका कोपऱ्यात बारदान्याचे पडदे लावून, आत लॅपटॉप घेऊन बसले. दादा अ‍ॅम्पसमोर उभा. त्याच्या हेडफोनमध्ये हरिओमनं आधीच वाजवून ठेवलेले ड्रम.

पहिल्या दिवशी पहिलंच गाणं दादानं असं वाजवलं, की माझ्या अंगावर काटा आला.

"झकास!" मी पडद्याबाहेर डोकं काढून ओरडले. "हाच ठेवू."

दादा लहान पोरासारखा हसला. तसा हसलेला तो मला शेवटचा आठवतो.

हरिओम बाजारातून बर्फ आणायला गेला होता. दादा पाणी प्यायला बाहेर गेला. मी एकटीच रेकॉर्डिंग ऐकत बसले. आधी जवळचा माईक. एकदम स्वच्छ. मग लांबचा.

गाणं संपलं. शेवटचा सूर घुमत घुमत विरला. पत्रा तापून कडकडल्याचा आवाज आला.

आणि मग...

"आणिक एकदा."

पुरुषाचा आवाज. हळू. समजुतीनं बोलल्यासारखा.

मी मागच्या भिंतीकडं पाहिलं. माईकचा स्टँड. भिंत. बाकी काही नाही.

हरिओम आला तेव्हा मी त्याच्या कानाला हेडफोन लावला. त्यानं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"कुठं काय हाय? पत्रा वाजायलाय फक्त."

"अरे, माणूस बोलायलाय! नीट ऐक."

"स्वप्ना, मला खरंच काही ऐकू येईना. ऊन लागलं का तुला?"

तो मस्करी करतोय असं मला वाटलं. मी दादाला काही सांगितलं नाही. रंगात आला होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी दादानं दुसरं गाणं घेतलं. छान वाजलं. मी थांबवायच्या आत त्यानं परत सुरुवात केली. मला वाटलं, त्याला पटलं नसेल. कलाकाराला पटत नाही कधी कधी. मी परत रेकॉर्ड केलं.

संपलं. त्यानं परत सुरू केलं.

परत.

परत.

शेवटी मी उठून त्याच्यासमोर गेले. "दादा, काय करायलास? पहिलाच टेक भारी होता."

तो माझ्याकडं बघत राहिला. घामानं भिजला होता. कपाळावरचं भस्म ओघळून भुवईत आलं होतं.

"तूच म्हणायलीस ना... आणिक एकदा, आणिक एकदा."

मी माझ्या कोपऱ्याकडं वळून पाहिलं. 

"मी कुठं काय म्हणाले? तुझ्याशी बोलायचा माझा माईक तर बंद हाय."

"मग हेडफोनमधून कोण बोलायलंय?"

मी त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. ड्रमही थांबलेले होते. अ‍ॅम्पची बारीक गुणगुण तेवढी. आणि त्या गुणगुणीखाली कुणीतरी श्वास घेत होतं... धीर धरून वाट बघितल्यासारखा.

त्या दिवशी आम्ही लवकर आवरलं. घरी येऊन मी सगळे टेक एकामागं एक लावले.

पहिल्या टेकमध्ये तो आवाज लांबच्या माईकमध्येच होता. नंतरच्या टेकमध्येही तिथंच, पण जरा मोठा. मग पुढच्या एका टेकमध्ये तो लांबच्या माईकमधून गेलाच.

मला बरं वाटलं.

मग मी जवळचा माईक ऐकला...

तो तिथं होता, आणि तेही गाणं वाजत असतानाच.

हे नीट सांगायला पाहिजे. तो माईक स्पीकरला चिकटलेला असतो. अ‍ॅम्प पूर्ण आवाजात असताना त्याला दुसरं काहीही ऐकू जात नाही. शेजारी उभं राहून कुणी बोंबललं तरी नाही. त्यात शब्द उमटायचा, तर बोलणाऱ्याचं तोंड माईकला टेकलेलं पाहिजे. आणि त्या माईकपासून हातभर अंतरावर दादा उभा होता.

मी दादाला म्हणाले, "आपण जागा बदलू. नाहीतर पुण्याला जाऊ, मी स्टुडिओ बघते."

"न्हाई. इथंच. आता जमत आलंय."

"काय जमत आलंय? जमलंय की आधीच!"

"त्याला पटलं पाहिजे ना."

"कुणाला, दादा?"

तो उठून झोपायला गेला.

माय-अप्पांना मी यातलं काही सांगितलं नाही. हरिओमला मात्र फोन केला. तो म्हणाला, "उद्या जाऊ, सगळं सामान भरू, गाडीत टाकू अन् येऊ. काय असंल ते असंल."

पण सकाळी उठले तर दादा घरात नव्हता. मोटारसायकल नव्हती. लॅपटॉप, माईक, काहीच नव्हतं.

आम्ही ताडकळसला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गोदामाच्या बाहेरूनच गिटार ऐकू येत होती. तेच गाणं. तोच तुकडा. दार आतून लावलेलं नव्हतं.

दादा अ‍ॅम्पसमोर उभा होता. हेडफोन न घालता. आमच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

"शिवकांत!" हरिओम ओरडला. "बास कर रे!"

तेवढ्यात लाइट गेली.

अ‍ॅम्प बंद पडला. एकदम शांतता. अ‍ॅम्पवरचा लाल दिवा विझला, त्यातल्या तापलेल्या ट्यूब हळूहळू काळ्या पडल्या. दादाचा हात मात्र चालूच होता. तारा नुसत्या टिकटिक वाजत होत्या, पत्र्यावर नख वाजवल्यासारख्या.

मी पळत लॅपटॉपकडं गेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. दादानं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं.

स्क्रीनवर मी जे पाहिलं, ते मी हरिओमला तिथंच दाखवलं. ते त्यानंही पाहिलं. तो हे आजही नाकारत नाही.

अ‍ॅम्प मेलेला होता. स्पीकर गप्प होता. आणि त्याच्या समोरच्या माईकच्या आवाजाची रेघ उंच उंच उसळत होती...

मी हेडफोन कानाला लावले.

गिटार वाजत होती. पूर्ण आवाजात. दादाचंच गाणं, पण दादानं कधी वाजवलं नव्हतं इतकं अचूक. एक सूर इकडं नाही की तिकडं नाही. त्यात माणसाचा हात कुठंच नव्हता.

आणि गाणं संपलं, तसा तो आवाज. आता हळू नव्हता. समजुतीचाही नव्हता.

मी वायर उपटली. सगळ्याच वायरी उपटल्या. हरिओमनं दादाच्या गळ्यातला पट्टा काढला. गिटार हातातून सोडवताना त्याला जोर लावावा लागला. दादाच्या डाव्या हाताच्या बोटांना चामडी उरली नव्हती. तारा लाल झाल्या होत्या. गिटार काढली तरी बोटं हवेत चालूच होती.

त्याला आम्ही परभणीला आणलं. तिथून नांदेडला, मग हैदराबादला. डॉक्टरांनी नसा तपासल्या, डोकं तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो झोपतो. झोपेत पण बोटं चालतात. अप्पा त्याला घेऊन मठात जाऊन आले. महाराजांनी भस्म दिलं, दादाच्या कपाळाला लावलं, अन् बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिले. निघताना अप्पांना म्हणाले, "सांभाळा." 

अप्पांनी ते गोदाम विकलं. तिथं अगोदर काय होतं, कुणी मेलं होतं का, हे मी सगळ्यांना विचारलं. काहीच नाही. आधी तिथं रिकामं रान होतं. गोदाम अप्पांनीच बांधलं. तिथं कधी कुणाला काही झालं नाही. एखादी तरी कहाणी निघाली असती, तर बरं वाटलं असतं मला.

हरिओमनं ड्रम विकले. तो आता शेतीच बघतो. सुरुवातीला भेटायला यायचा, दादाशेजारी बसून रडायचा. आता येत नाही. मी त्याला दोष देत नाही.

दादा बोलणं विसरलाय, असं घरातले सगळे धरून चालले होते.

गेल्या महिन्यात मी त्याला जेवण भरवत होते. बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, जखमा भरू देतच नाही तो. माझ्याच्यानं बघवेना. मी ताट खाली ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. पहिल्यांदाच, पूर्ण ताकदीनं. बोटं थांबली.

घर एकदम शांत झालं.

आणि माझ्या उजव्या कानाशी... कुणीतरी श्वास घेतला.

दादानं मान वर केली. किती तरी महिन्यांनी त्यानं मला ओळखल्यासारखं पाहिलं. घसा पार बसला होता त्याचा.

"सोड, स्वप्ना," तो म्हणाला. "मी थांबलो तर तो माझ्याऐवजी तुला सांगंल. तुला ऐकू येतंय."

मी हात सोडले.

बोटं चालू झाली.

तेव्हापासून तो एक शब्द बोललेला नाही. पट्ट्या मी बदलते. रक्त पुसते. एक करंगळी आता काळी पडत चाललीय, डॉक्टर म्हणतात काढावी लागेल. माय रोज माझ्यापुढं हात जोडते. "बाई, तू धरलं की थांबतो तो, मी बघितलंय. थोडा वेळ धर गं. लेकराच्या हाताला जरा आराम पडू दे."

मी तिला कारण सांगू शकत नाही.

मी धरत नाही.