आधी तिचं सांगा

आणे पठारावरच्या शाळेत सातवीची चर्चा ऐन रंगात आली होती, आणि नेमका तेव्हाच शिडीवरून आवाज आला, “आरं, मग पळून जायचं की तिनं!”

सगळ्या माना वर वळल्या. प्रोजेक्टर बसवायला पारगावहून आलेला मच्छिंद्र हातातला स्क्रू विसरून गोष्टीत घुसला होता. सुप्रियाबाई मुलांना शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी वाचून दाखवत होती. त्यातल्या नायिकेचं लग्न बाहेर ओसरीवर ठरतं, आणि ती बिचारी आत दळत बसलेली असते.

“दादा,” आत्ताच आपलं मत मांडून बसलेली समृद्धी पुन्हा उठून म्हणाली, “आधी मी काय बोलले ते सांगा. मग तुमचं.”

हा बाईंचा नियम. दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगून दाखवायचं, त्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच आपलं तोंड उघडायचं. मच्छिंद्रला एक अक्षर सांगता आलं नाही. पोरं फिदीफिदी हसली. सुप्रियाही हसली… आणि त्याचे लालेलाल झालेले कान तिला दिसले.

त्यानंतर तो प्रोजेक्टर भलताच नाजूक निघाला! कधी वायर तपासायला, कधी नुसती धूळ झटकायला मच्छिंद्र यायचा आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायचा.

“आज काय बिघडलंय?” ती विचारायची.

“आधी तुमचं सांगतो. तुमी म्हनता, आज काय बिघडलंय. बरोबर?”

“बरोबर.”

“माजं म्हननं – काय बी न्हाई. पर यावंसं वाटलं.”

ती घाईघाईनं फळा पुसायला वळायची. फळा आधीच कोरा असायचा.

पोरांपेक्षा तोच लवकर शिकला. ऐकताना मान जराशी कलती करायचा, मध्ये तोंड घालायचा नाही. असं ऐकणारं माणूस तिला आजवर घरात भेटलं नव्हतं, ना गावात. त्यानं लग्नाचं विचारलं की काय म्हणायचं, हे तिनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

पण गडी थेट विचारेल तर ना! एका रविवारी त्याचे मामा, गेणभाऊ, तिच्या वडिलांकडे मागणी घालून गेले. रीतच तशी. वडिलांनी, म्हणजे बिरदेवआबांनी, हरखून सुपारी फोडायचा दिवससुद्धा धरला. सुप्रियाला हे कळलं ते चहाचे कप उचलताना.

सोमवारी शाळा सुटल्यावर मच्छिंद्र पेढे घेऊन हजर. पठारावर गार वारा सुटला होता. तिनं पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मला का नाही विचारलं?”

“आवं, म्हनलं रीतीनं जावं. तुमच्याकडं कुनी बोट दाखवाय नगं—”

“आधी माझं सांगा.”

तो थांबला. “तुमी म्हनता… न इचारता मामाला धाडलं.”

“अर्धंच.”

“त्या गोष्टीतल्या बाईवानी तुमचं बी वसरीवर ठरलं.”

“अजून नाही…” तिचा आवाज कापरा झाला. हा आत्ता चुकला तर सुपारी फुटेल, लग्नही होईल, पण आपल्याला जन्मभर मुकं राहावं लागेल, हे तिला लख्ख कळत होतं. आणि तरीही तो तिला हवा होता.

मच्छिंद्रनं मान कलती केली. मग हळूच म्हणाला, “तुमी… व्हय म्हननार व्हता. सोताच्या तोंडानं. आन् त्यो तोंडचा घासच मी काढून घेतला.”

तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. “बरोबर.”

त्यानं तिथंच मोबाइल काढला. “मामा, आबास्नी सांगा, आमची मागनी माघारी… न्हाई, भांडान न्हाई. लोक बोलतील ते माज्यावर येऊ द्या.” फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. “आता तुमी मोकळ्या. न्हाई म्हनला तरी…”

गाडीला किक मारून तो निघून गेला.

ती घरी पोचली तर आबा डोक्याला हात लावून बसलेले. “पोरी, घात झाला! त्यांनी मोडलं गं!”

“माहितीय. आबा, चला, जोडे घाला.”

“कुटं?”

“पारगावला. मागणी घालायला.”

“आगं, पोरीकडनं कुनी मागनी घालतं व्हय? आन् म्या तितं जाऊन बोलू तरी काय?”

“तुम्ही नुसते शेजारी बसा. बोलणार मी आहे.” सुप्रियानं स्कूटीची किल्ली उचलली. आता तिचा आवाज कापत नव्हता. “मला मच्छिंद्र लई आवडतो, आबा. मला त्याच्याशीच लग्न करायचंय.”

आबा लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनी पायात जोडे सरकवले.