ओल्या वाळूतली बाटली

“तो हात माह्या अंगाले लावू नोको,” झुंबरबाई म्हणाल्या, आणि पुष्पाच्या हातातली सुई हातातच राहिली.

इंद्रभानला जाऊन अकरा दिवस झाले होते. नांदुऱ्याच्या त्या घरात आता सासू आणि सून, दोघीच उरल्या होत्या. त्रेसष्ट सालचा वैशाख. खामगावला कंपाउंडर असलेला इंद्रभान सुटीच्या दिवशीही आईची इन्शुलिनची बाटली आणायला सायकलवर गेला, भर दुपारी परत आला, कोपऱ्यातल्या मडक्यात ओल्या वाळूत ती बाटली गार राहावी म्हणून नीट पुरून ठेवली आणि बाजेवर पडला तो उठलाच नाही. ऊन लागलं होतं. “औषध उद्यापुरतंच उरलंय,” असं सकाळी पुष्पाच म्हणाली होती... तेवढंच झुंबरबाईंनी धरून ठेवलं.

गेलेल्याची खूण उमटते म्हणून बाजेच्या जागी रीतीप्रमाणे पीठ पसरून त्यावर टोपलं झाकलं होतं. दहाव्या दिवशी टोपलं उचललं, तर पिठावर एक पुसटसं पाऊल. जमलेल्या बाया मागे सरकल्या. झुंबरबाई मात्र हसल्या.

“माहा पोरगा घरातच हाय. सुई घेईन तं त्याच्याच हातानं.”

तो गेल्यापासून त्यांनी सुई घेतलीच नव्हती; नुसत्या बाजेच्या जागेकडे डोळे लावून बसायच्या. पाण्याची घागर दुपारपर्यंत रिकामी व्हायची, मोरीत मुंग्यांची रांग लागायची. इंद्रभान रोज करायचा तशी पुष्पानं सासूची लघवी निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. साखर नसली की ते निळंच राहतं. त्या दिवशी ते विटेसारखं लाल झालं. असंच चाललं तर म्हातारी महिना काढणार नव्हती, आणि ज्या औषधापायी नवरा गेला ते मडक्यात तसंच पडून राहणार होतं! पण त्यांना समजावणार तरी कसं?

बाराव्या दिवशी पहाटे ती उठली. नवऱ्याचा सदरा तिनं अंगात घातला. बाटलीसाठी मडक्यात हात घातला तर वाळू थंडगार, ओली. सासूबाई मुकाट्यानं पाणी घालत असतील, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यानंही तिचं मन भरून आलं. काचेची पिचकारी उकळून, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत भरून ती अंधाऱ्या खोलीत शिरली. एक शब्द बोलली नाही.

“आला का बापा,” झुंबरबाई डोळे मिटूनच म्हणाल्या आणि दंड उघडा केला.

असे सतरा दिवस गेले. पहाटे त्या आवाजात अशी माया असायची की पुष्पाला वाटे, हा क्षण संपूच नये. आणि उजाडलं की तोच आवाज तिला पांढऱ्या पायाची म्हणायचा. ती मान खाली घालून ज्वारीची भाकरी थापायची, गुळाचा डबा माळ्यावर लपवायची. नळीतला लाल रंग पिवळा झाला, मग हिरवट. त्या हिरव्या रंगासाठी ती सगळं गिळत राहिली... स्वतःसाठी रडायला तिला सवडच झाली नाही.

अठराव्या पहाटे तिला तापानं उठवेना. आणि पडल्या पडल्या तिला ऐकू आलं, स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात काच खुळखुळत होती. स्पिरिटचा वास आला. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत गेली.

चुलीपाशी झुंबरबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात पिचकारी.

“ये. खूण तेवढी वाच. माह्या डोयाले दिसत नाही.”

“तुम्हाले... ठाऊक होतं, आत्याबाई?”

“पहिल्याच दिवशी. इंद्रभान डावखुरा होता, पोरी. तो कोन्या अंगानं बसे, हे मले कोनी सांगाव लागते का?”

“मंग बोलल्या काऊन नाही?”

“बोलली असती तं तो दुसऱ्यांदा मेला असता.” “औषध माहं होतं, अन् बोल तुले लावला. दिवसा शिव्या खाऊन पहाटे तू मले जगवत राह्यली... मी लय पापीन हाव.”

पुष्पानं मडक्यातली बाटली आणून दिली, पिचकारी भरताना खूण वाचली. झुंबरबाईंनी दात आवळून आपल्या हातानं मांडीत सुई घेतली. मग सुनेला कुशीत ओढून त्या हुंदके देत राहिल्या. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, “तू वाळू वली ठेवत गेली, म्हून औषध टिकलं.”

पुष्पा दचकली. “मी नाही घातलं पाणी. मले वाटलं, तुम्ही...”

“मी तं मडक्याले हात नाही लावला आजवर.”

दोघींनी मडक्याकडे पाहिलं. वैशाखात सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उरत नाही. झुंबरबाई जवळ गेल्या. वाळूवर तळवा टेकवला. थंडगार, ओली... आताच कुणी शिंपल्यासारखी. त्यांनी तो हात कितीतरी वेळ उचलला नाही.

“बाबू,” शेवटी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “आता आमचं आम्ही पाहू. तू जाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ताप उतरलेल्या पुष्पानं मडक्यात हात घातला. वाळू कोरडी ठणठणीत होती. तिच्याकडे बघून झुंबरबाई काय ते समजल्या. तांब्या भरून आणला आणि थेंब थेंब करत त्यांनी साऱ्या वाळूवर पाणी घातलं. मग खिडकीच्या उजेडात येऊन बसल्या आणि दंड उघडा केला.

“आज तू दे,” त्या म्हणाल्या. “तुह्याच हातानं.”