तीन घावांची झाडे

केंटकीच्या डोंगराआडील चाळीस कुटुंबांचा अर्ज घेऊन असाहेल व्हिटकम राजधानीस निघाला होता. खोऱ्याला स्वतःचे न्यायालय हवे, एवढीच मागणी. जमिनीची नोंद करण्यासाठी नदीपलीकडच्या न्यायालयाकडे निघालेली प्रुडन्स नावाची विधवा वसंतातल्या पुरात वाहून गेली होती. त्यानंतर लोकांनी मैदानात उभे राहून, एकेकाने मोठ्याने नाव उच्चारून, या लंगड्या जुन्या सैनिकाला विधिमंडळावर निवडून दिले. अधिवेशन शनिवारी संपणार होते. वाट चार दिवसांची. सोबतीला एक घोडी आणि पत्नी केझाया.

"तू कशाला येतेस?" त्याने विचारले होते.

"तुझं भाषण ऐकायला एक तरी माणूस जागं नको का, सभासद महाशय?"

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, बर्फ पडू लागला. राखाडी, निःशब्द, जणू अरण्यच हलके हलके विसरले जात होते. वाटेच्या झाडांवर कुऱ्हाडीचा एक घाव असे. असाहेल तो घाव शोधत पुढे जात राहिला.

"ही वाट फारच सरळ चाललीय," केझाया म्हणाली. "माणसांची वाट अशी नसते."

"सैन्यात मी असल्याच खुणांवर चाललोय."

"म्हणूनच युद्ध आठ वर्षं चाललं."

तो हसला. पुढच्या खोडावरचा बर्फ त्याने सहज पुसला. खाली आणखी दोन घाव! तीन घाव म्हणजे जमीन मोजणाऱ्यांची हद्द. ती रेघ ना कडा पाहते, ना नदी.

"केझाया, थांब!"

बर्फाचा काठ ढासळला. ती खाली ओढ्यात कोसळली. असाहेलने उडी घेतली. पाणी सुऱ्यांसारखे बोचले. हाताला शाल लागली. मग खांदा. त्याने तिला ओढून बाहेर काढले!

पोकळ सिकमोर वृक्षाच्या ढोलीत त्याने जाळ पेटवला. तिचा घोटा मोडला होता. तिची गार पावले त्याने स्वतःच्या छातीशी धरली.

पावलांत ऊब आल्यावर ती म्हणाली, "घोडी घे नि जा. उद्या संध्याकाळी पोचशील. लाकडं ठेव जवळ, मी तग धरीन."

"युद्धात एक सोबती हेच म्हणाला होता. अशाच बर्फात. पुढे जायचा हुकूम होता, गेलो."

"मग?"

"परतलो तेव्हा वसंत होता."

बर्फ पडत राहिला. शनिवार त्या ढोलीतच उजाडला आणि मावळला.

रविवारी आभाळ निवळले. केझायाला घोडीवर बसवून, अर्ज तसाच घेऊन तो माघारी फिरला. खोऱ्यात लोक जमले, तेव्हा त्याने टोपी काढली आणि घडलेले सारे सांगितले. प्रुडन्सची बहीण मेहिटाबेल पुढे आली. तिने केझायाचा सुजलेला पाय अलगद हातात घेतला.

"एक बाई गेली म्हणून न्यायालय मागत होतो," ती म्हणाली. "दुसरी देऊन ते आणलं असतंस, तर त्याची पायरी मी चढले नसते. अर्ज पुढच्या वर्षी ने. आता हिला आत घे, रस्सा गार होतोय."