मास्तरचं दुपारचं जेवण

आमचा मास्तर घरी जेवेनासा झाला, तेव्हा मला वाटलं, याचं कुठेतरी बिनसलंय. मास्तर म्हणजे आमचा कुत्रा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी नखशिखान्त न्याहाळतो, पसंत पडला तरच वाट सोडतो, म्हणून मास्तर. दुकान फोटोंना चौकटी करून देण्याचं, माझं आणि आत्याचं. मी काच आणि लाकडी पट्ट्या कापते, आत्या गिऱ्हाइकांना कापते.

"ऐन जेवणाच्या वेळी हा जातो कुठे?" आत्या म्हणाली. "बघ तरी मागे जाऊन."

मास्तर पुढे, मी मागे. बाहेर भुरभुर पाऊस, आणि छत्री अर्थातच दुकानात. साहेब झपझप चालत पलीकडच्या गल्लीत शिरले आणि एका खानावळीच्या मागच्या दाराशी पुढचे पाय जुळवून बसले. जागा राखून ठेवल्यासारखे. दार उघडलं. आधी लोण्यात कांदा परतल्याचा वास आला, मग एक ताटली, आणि मग ती ताटली धरणारा.

"सावकाश, मास्तर. गरम आहे," तो म्हणाला. मग त्याने वर पाहिलं... आणि बघतच राहिला.

डोळे छान होते. उगाच खोटं कशाला बोलू?

"याचं नाव तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुम्ही दिवसभर हाका मारता की त्याला. सगळ्या गल्लीला पाठ आहे."

"आणि हे रोज चालतं?"

"रोज. भात, अंडं आणि कांदा. तिखट नाही, मीठ नाही, कुत्र्यांना चालत नाही म्हणे. कांदा मात्र मंद आचेवर, अगदी गोड होईपर्यंत. उरलंसुरलं नाही हं देत... पहिली ताटली त्याची."

"आणि घरी मी याच्या मिनतवाऱ्या करतेय."

"मग तुम्हीही येत जा ना," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "म्हणजे... मिनतवाऱ्या वाचतील."

मी जात राहिले. मास्तर जेवायचा, मी पायरीवर बसून चहा प्यायचे, आणि खानावळवाला दाराला टेकून माझ्याशी बोलायचं सोडून मास्तरशी बोलायचा. "मास्तर, आज तुमच्या मालकीणबाईंनी नवी ओढणी घेतलेली दिसते." मी म्हणायचे, "मास्तर, सांग त्यांना, जुनीच आहे, लक्ष आज गेलं." असला सगळा पोरखेळ. चहा गार होऊन जायचा आणि आम्हाला पत्ता नसायचा.

"कुत्रा तुला घेऊन जातो की तू कुत्र्याला?" आत्याने एकदा विचारलं. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

आणि मग एका सकाळी मास्तर जिना चढलाच नाही. दुसऱ्याच पायरीवर बसला, धापा टाकत. मी त्याचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. बाहेर नेलं तर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, रक्त काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याच्या खाण्यात कांदा येतो का?"

"येतो ना," मी म्हणाले. अगदी कौतुकानेच म्हणाले. "लोण्यात परतलेला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीत खाली सरकले. "कच्चा असो, शिजवलेला असो, नाहीतर सुकवून पूड केलेला असो, कांदा कुत्र्याला विषच. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एका दिवसात दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. रोज थोडा थोडा गेला की असं होतं. लसणाचंही तेच."

"बरा होईल ना?"

"याला उतारा नाही. सलाईन लावते, गरज पडली तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो. तोवर त्याने तग धरायला हवा."

दुकान बंद दिसलं म्हणून विचारत विचारत खानावळवाला तिथेच धडकला, अंगावर ॲप्रन तसाच. मला आयताच सापडला.

"तुझ्या कांद्याने मारलंस त्याला," मी म्हणाले. आजवर अहो-जाहो चालायचं, ते सगळं रागात वाहून गेलं. "काय गरज होती रे तुला? कुणी सांगितलं होतं?"

त्याचा चेहरा मास्तरच्या हिरड्यांपेक्षा पांढरा झाला. तो भिंतीला धरून उभा राहिला.

"सांभाळ गं," शेजारी बसलेली आत्या मला म्हणाली, "नाहीतर आता याच्या नाकाला कांदा लावावा लागायचा."

"तुमच्याशी बोलायचं होतं," तो पुटपुटला. "धीर होत नव्हता. म्हटलं, मास्तरशी ओळख झाली, तर कधीतरी तुम्ही त्याला शोधत याल. म्हणून... माझ्याकडचं सगळ्यात चांगलं द्यायचो."

"तुला तोंड नव्हतं? मला येऊन सांगायला काय झालं होतं? माझ्या कुत्र्याच्या पोटातून कशाला यायचं?"

त्याने अंगावरचा ॲप्रन काढून मुठीत चुरगळला. मी आणखी सुनावणार होते, पण पायरीवर बसून चहा पीत ती ताटली रिकामी होताना मीच बघितली होती. रडू आलं ते त्याच्यावरच्या रागाने की स्वतःवरच्या, कळेना.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. मास्तरला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागलं. तो घरी आला तोही नुसता पडून. खानावळवाला सकाळ-संध्याकाळ आमच्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही.

"हिरड्या?" एवढंच विचारायचा.

"पांढऱ्याच," एवढंच मी सांगायचे.

तो मान खाली घालून जायचा. चिडायचं म्हणून मी रोज नव्याने जोर लावायचे, पण त्याला यायला जरा उशीर झाला की माझी नजर दाराकडे. शेवटी आत्याच म्हणाली, "त्याने म्हणे खानावळीतून कांदाच काढून टाकलाय. गिऱ्हाइकं नाकं मुरडतायत, पण ऐकत नाही."

एका संध्याकाळी मी मास्तरचा ओठ उचलला आणि त्याला दिव्याजवळ नेऊन हिरड्या पुन्हा पाहिल्या. कडेला फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी आणखी गुलाबी. मास्तरने माझ्या हातचा भात चाटूनपुसून खाल्ला आणि वर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नापसंत केलं. माझ्या जीवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "धोका टळला. आता रोज हिरड्या बघू नका, त्यालाही कंटाळा आला असेल."

त्या संध्याकाळीही खानावळवाला आलाच. उंबऱ्याबाहेर उभा, हात रिकामे.

"आता विचारायचं काम नाही," मी म्हणाले. "मास्तर बरा आहे."

"कळलं मला."

"मग?"

"मग... आज मास्तरकडे काही काम नाही. तुमच्याकडे आहे. मला तुम्ही आवडता. आधीच सांगायला हवं होतं, सरळ तोंडाने. नाही म्हणालात तरी चालेल. चालेल म्हणजे... चालणार नाही, पण मी जाईन."

मी हातातली करवत खाली ठेवली. आत आत्याने खिळ्यांचा डबा हलवणं एकदम थांबवलं.

"कांदा का बंद केलास?" मी कसंबसं विचारलं.

"हात लावावासा वाटत नाही."

"वेडा आहेस का? विष कुत्र्याला आहे, माणसांना नाही. माझा कुत्रा इतके दिवस तुझ्या हातचं खाऊन आला, आणि मी? नुसता गार चहा. एक घास चाखलेला नाही." माझे कान तापले होते. "उद्या दुपारी येते. एकटी. मास्तर आत्यापाशी राहील. मंद आचेवर, अगदी गोड होईपर्यंत परत. आणि हे अहो-जाहो पुरे कर आता, मी केव्हाच सोडलंय."

"ये," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला मागच्या पायरीवर नाही, आत टेबलाशी बसवलं. ताटली पुढे ठेवली आणि हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी एक घास खाल्ला. माझ्या मिनतवाऱ्या वाया घालवल्याचा मास्तरवरचा उरलासुरला राग गेला.

"या कांद्यासाठी मीसुद्धा घरचं जेवण सोडलं असतं," मी म्हणाले.

"नुसतं जेवण... की घर?"

मी दुसरा घास घेतला, सावकाश चावला. त्याचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता.

"दोन्ही," मी म्हणाले. "पण मास्तर माझ्याबरोबर येणार. आणि त्याची ताटली वेगळी."