लाल बटणावरचं बोट

पौर्णिमानं लाल बटण दाबलं आणि रंगखात्यातली घरघर एकदम थांबली. मशीनमागून एक माणूस बाहेर आला. कोपरापर्यंत निळा.

"कोनं थांबवली?"

"मी..." नांदगाव पेठच्या या कापड कारखान्यात, प्रयोगशाळेत रुजू होऊन तिला आठवडाही झाला नव्हता. "रंग हिरवट दिसतोय."

त्यानं कापडाचा तुकडा कापून वाळवला आणि तिला दाराबाहेर उन्हात नेलं. तिथे तो अगदी नमुन्यासारखा निळा होता. आतल्या पिवळ्या दिव्यानं फसवलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. – आणि हे सुचू नये! तिचे कान तापले.

तो मात्र आत जाऊन ओरडला, "जुबेर, पहिला चहा मॅडमले! यायनं मशीन थांबवली."

"पण मी तर चुकले!"

"मंग? आज कोनी हासलं, तर उद्या बरोबर असूनही तुमी गप्प बससान."

हा नितेश, शिफ्टचा प्रमुख, मूळचा अकोल्याचा. त्याच्या शिफ्टचं कापड इतरांपेक्षा कमी खराब व्हायचं. पौर्णिमाला कुतूहल स्वस्थ बसू देईना. तिनं पाणी तपासलं, रंग तपासले. कारण सापडलं ते भलतीकडेच. शिफ्ट सुरू होताना सगळे आपापल्या शंका, चुका मोकळेपणानं बोलायचे आणि नितेश सगळ्यांत शेवटी. ऐकताना त्याची मान किंचित डावीकडे कलायची... अर्थात, या दुसऱ्या निरीक्षणाचा विज्ञानाला काही उपयोग नव्हता.

"सारे मले नितेशभाऊ म्हनतात," एकदा तो म्हणाला. "तुमीच काहून सर म्हनता?"

"आहे एक कारण."

"सांगा ना."

"भाऊ आहे मला. एक पुरे."

तो हसला, आणि उगाचच पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

मग बाहेरगावचे खरेदीदार आले. मोठी ऑर्डर त्यांच्यासमोर रंगवायच्या कापडाच्या एका घाण्यावर ठरणार होती आणि नव्या युनिटचा प्रमुख नितेशला करायचं मालकांच्या मनात होतं. पाहुणे मशीनपाशी उभे होते. नितेश समजावून सांगत होता, नेहमीपेक्षा भरभर. बोलता बोलता त्यानं सोड्याचा पंप सुरू केला.

पौर्णिमानं चमकून पाहिलं. रंग अजून कापडात नीट मुरला नव्हता. सोडा आत्ताच गेला तर तो जिथल्या तिथे पक्का होऊन कापडभर डाग पडले असते. पण बोलावं तर पाहुण्यांसमोर, मालकांसमोर त्याची मान खाली जाणार. ती डावीकडे कलणारी मान...

तिनं पंपाचं लाल बटण दाबलं.

"सर, सोडा लवकर सुटला. मी बंद केलाय."

नितेशचा चेहरा उतरला. त्यानं घड्याळ पाहिलं, मशीनच्या काचेतून आत पाहिलं.

"बरोबर आहे. चूक माझी," तो पाहुण्यांना म्हणाला. मग त्याची छाती जराशी पुढे आली. "पण आमच्याकडे चूक तोंडावर सांगणारी माणसं आहेत."

कापड बाहेर आलं ते एकही डाग न पडता. वयस्क खरेदीदारानं त्यावरून हात फिरवला. "चांगला माल बरेच दाखवतात. साहेबाचा पंप बंद करणारं माणूस आजच पाहिलं." ऑर्डर तिथेच पक्की झाली. जुबेरनं शिट्टी वाजवली आणि पौर्णिमाला वाटलं – ही आपली माणसं!

नितेश मात्र दिवसभर तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी फाटकापाशी त्याची मोटारसायकल थांबली.

"राग आला?" तिनं विचारलं.

"आला ना. घटकाभर. मंग असा अभिमान वाटला का... पाव्हन्यायले सांगनार होतो, हे पौर्णिमा, माही..."

"तुमची... कोण?"

"तेच तर अडून राहिलं. तुमाले इचारल्याबिगर कसं सांगू?"

तिनं त्याच्या निळ्या नखांकडे पाहिलं. "सांगा खुशाल."

तो एका दमात म्हणाला, "रविवारी अकोल्याले येता? आईले भेटाले?"

"येईन. पण मला तिथेही गप्प बसता येणार नाही हं."

"तेच तर पाह्यजे! आईच्या वरनात मीठ जास्त असते. बाबा अन् मी भेवून गुपचूप खातो."

पौर्णिमा खळखळून हसली. मोटारसायकलवर मागे बसत तिनं पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला. तुमच्या घरची शिफ्ट फारच घाबरट दिसते."