बासरी आधी, ढोल शेवटी

ढगांनी भर दुपारी संध्याकाळ करून टाकली होती. तो आत शिरला तो निव्वळ आडोशाला — जाकिटाखाली व्हायोलिनची पेटी, केसांतून निथळणारं पाणी. तळमजल्यावरच्या त्या लहानशा ऑफिसात ती एकटीच कोड लिहीत बसली होती.

"पाच मिनिटं थांबू का?"

"थांबा. पण फुकट नाही हं… हे जरा वापरून बघा."

तिचं वेब अ‍ॅप अजून कच्चं होतं. आपल्याला आवडणारं संगीत सांगायचं, की ते प्रवास आखून द्यायचं. कुठल्या गावी काय ऐकायचं, जायचं कसं, उतरायचं कुठे. त्याने आवड लिहिली, उत्तर वाचलं आणि फिसकन हसला.

"हे सभागृह कधीच बंद पडलं. आता तिथे सिमेंटची पोती असतात. बरी गातात का?"

तिचा चेहरा पडला. पण चुका दाखवायला तो दुसऱ्या दिवशीही आला, मग येतच राहिला. तो व्हायोलिन शिकवायचा. कुठे काय ऐकावं हे त्याला तोंडपाठ होतं. ती कोड लिहायची, तो शेजारी बसून खोड्या काढायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. घरी तिचे बाबा म्हणालेसुद्धा, "बाळ, हल्ली आमटीत मीठ दोनदा पडतंय."

एका मळभट संध्याकाळी दोघं खिडकीशी उभी होती. आत दिवे लागले होते, बाहेर भुरभुर चालू होती. तिने जिवाचा धडा केला आणि त्याच्या डाव्या कानाशी हलकेच म्हणाली, "मला तू आवडतोस…"

तो बाहेरच बघत राहिला.

"निघतो," म्हणाला. "पाऊस वाढेल."

त्यानंतर तो फिरकलाच नाही. तिचं कशात मन लागेना. अ‍ॅप पुरं झालं, लोक वापरू लागले, पण कौतुकही तिला अळणी लागलं.

आणि एका सकाळी तो दारात उभा. उतरलेला, गालाची हाडं वर आलेली.

"एक प्रवास आखून देशील? लवकरचा. डावा कान गेलाय माझा. उजवाही जाणार म्हणतात डॉक्टर… हळूहळू."

"म्हणजे त्या दिवशी मी बोलले ते —"

"ऐकू नाही आलं. पण काचेत तुझे ओठ दिसले."

"मग गप्प का बसलास?"

"बहिऱ्याचं लोढणं तुझ्या गळ्यात कशाला?"

"माझ्या वतीने नकार देणारा तू कोण रे?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

त्याने मान खाली घातली. मग चाचरत तिचा हात धरला — त्याची बोटं गार पडली होती.

तिने डोळे पुसले, स्क्रीन पुढे ओढली. प्रवासी : दोन. अ‍ॅपने जवळची गावं आधी लावली. तिने तो क्रम पुसून टाकला.

"आधी कुठले सूर जातात?"

"बारीक… उंच."

"मग बासरी आधी. मग व्हायोलिन. ढोल शेवटी."

"आणि ढोलानंतर?"

ती त्याच्याकडे वळली. ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाली, "ढोलानंतर घरी येऊ."